गाडीवर काय घालायचं आणि खांद्यावर काय न्यायचं

प्रभूमध्ये सलाम.

साताऱ्याच्या बंधूंचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या पंचकमिटीपुढे तीन विषय आहेत. छताच्या कामाला मोठी देणगी देऊ पाहणाऱ्या एका व्यावसायिकाला वडील (मंडळीचा कारभार पाहणारा पुढारी) म्हणून घ्यायचं, तरुण टिकावेत म्हणून संदेश, म्हणजे प्रवचन, 15 मिनिटांवर आणायचा, आणि दोन कुटुंबांमधला जुना वाद सरळ वकिलाकडे द्यायचा. पाळकसाहेब म्हणाले, आधी शास्त्रात, म्हणजे बायबलात, पाहू. त्यावर एक सभासद म्हणाले, "शास्त्र वाचून छत गळायचं थांबत नाही." आता बंधू विचारतात, व्यवहारज्ञान मंडळीच्या दाराबाहेर ठेवायचं का?

दाराबाहेर कशाला ठेवायचं? आत येऊ द्या, फक्त पहिला शब्द त्याचा असू नये. मी सांगलीची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मंडळीची खजिनदार म्हणून 19 वर्षं वही माझ्याकडे होती, आणि त्या वहीपाशीच हे मला कळलं.

ऑगस्ट 2019चा महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरायला लागल्यावर बाहेरच्या मंडळ्यांकडून आमच्याकडे एक टेम्पो आला: तांदूळ, तेल, चादरी, मेणबत्त्या. सामान थोडं, माणसं पुष्कळ. कमिटी घाईघाईत बसली आणि ठरलं की ज्यांची वर्गणी चालू वर्षापर्यंत भरलेली आहे त्यांना आधी द्यायचं. यादी तयारच होती, माझ्या वहीत. कुणी बोट ठेवणार नाही, भांडण होणार नाही. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं.

रांगेत सांगलवाडीच्या एक मावशी होत्या. विधवा, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड त्यांनी माझ्यापुढे धरलं. पिशवीतही पाणी शिरलं होतं, कार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली. मी वहीत नाव शोधलं, दोन वर्षांची बाकी होती. म्हणाले, "मावशी, तुमचं नाव दुसऱ्या यादीत आहे, उद्या या." त्या "बरं बाई" म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. उद्यापर्यंत जायचं कुठं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

त्या सभेत आम्ही प्रार्थना केली होती. 46वं स्तोत्रही वाचलं होतं, पाणी गर्जलं तरी आम्ही भिणार नाही, तेच. पण ते वाचलं निर्णय झाल्यावर. सगळा रोग इथेच आहे, असं मी आज ठामपणे म्हणते. ठराव आपण आपल्या अकलेने करतो आणि मग त्यावर शिक्का मारायला एक वचन शोधतो.

त्या रात्री आमच्यातल्या एका वडिलांनी सगळ्यांना परत बोलावलं आणि प्रेषितांची कृत्ये, 6वा अध्याय उघडला. यरुशलेमच्या मंडळीतही वाटपाचाच प्रश्न होता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी काय केलं? सात माणसं निवडायला सांगितली, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा मागे राहत होत्या, वाढप त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती दिलं असं दिसतं. दुसऱ्या दिवशी आमची यादी नव्याने झाली: कुणाच्या घरात पाणी किती चढलं, घरात तान्हं मूल आहे का, कमावणारं कोण आहे. वही तीच, पेन तेच, बेरीज-वजाबाकीही माझीच. पहिलं कोण, हे मात्र वर्गणीच्या रकान्याने ठरवलं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पहिल्या इतिहासाचा 13वा अध्याय काढा. दावीद राजाला कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, यरुशलेमेत आणायचा होता. त्याने हजारांच्या आणि शंभरांच्या सरदारांशी मसलत केली, सगळ्या लोकांना गोष्ट पसंत पडली. आपल्या भाषेत सांगायचं तर ठराव एकमताने मंजूर. नवी कोरी गाडी, वीणा, झांजा, कर्णे, कशाची कमी नव्हती. खळ्याजवळ बैल अडखळले, गाडी हाकणाऱ्या उज्जाने कोश सावरायला हात लावला आणि तो तिथेच मेला.

ही गाडीची कल्पना आली कुठून? 1 शमुवेल 6 वाचा. इस्राएलाचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी त्यांच्या पुजाऱ्यांच्या आणि शकुन पाहणाऱ्यांच्या सल्ल्याने कोश नव्या गाडीवर घालून परत पाठवला होता, आणि त्यांचं काम झालं होतं! गाडी नीट बेथ-शेमेशला पोचली. म्हणून "अमक्या चर्चमध्ये हे चालतं" एवढ्यावर मी कधीच समाधान मानत नाही. पलिष्ट्यांचंही चाललं होतं. पुढे 15व्या अध्यायात दावीद स्वतःच कबूल करतो की आम्ही विधीप्रमाणे देवाला विचारलं नाही. मग लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या माणसांनी, कोश दांड्यांनी खांद्यावर घेतला.

पण इथेच थांबून गाड्यांना वाईट ठरवू नका. गणना 7मध्ये खुद्द देवाच्या सांगण्यावरून मोशेने लेव्यांना गाड्या दिल्या. त्यांच्यातल्या गेर्षोनाच्या वंशजांना 2 गाड्या आणि 4 बैल, मरारीच्या वंशजांना 4 गाड्या आणि 8 बैल, कारण निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, पडदे, फळ्या, खांब, उथळ्या त्यांना न्यायच्या होत्या. कहाथाच्या वंशजांना एकही गाडी नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच न्यायच्या होत्या. मला या 3 ओव्या, म्हणजे वचनं, फार मोलाच्या वाटतात. एकाच तंबूचं सामान, त्यातलं काही गाडीवर, काही खांद्यावर.

म्हणून छताचं काम गाडीवर घाला. चांगला इंजिनियर शोधा, तीन कोटेशन मागवा, पत्र्याचा गेज तपासा. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर जाऊ द्या, ऑडिटर बाहेरचा असू द्या. पौलानेसुद्धा यरुशलेमसाठी गोळा केलेला पैसा एकट्याने नेला नाही. देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे चांगलं दिसेल ते करतो, असं तो करिंथकरांना लिहितो. आमच्या मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 साली दवाखाना उभा केला तो शस्त्रक्रिया शिकून येऊनच. देवाने दिलेली अक्कल वापरायला शास्त्राची आडकाठी नाही.

वडीलपण मात्र खांद्यावरचं आहे. 1 तीमथ्य 3 आणि तीत 1 या दोन याद्या शेजारी ठेवून वाचा. घर नीट चालवणारा, पाहुणचार करणारा, शिकवण्यात निपुण, नवशिका नसलेला, बाहेरच्यांत चांगलं नाव असलेला, द्रव्यलोभी नसलेला. देणगीचा आकडा कुठेच नाही. उलट याकोब, 2ऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला चांगलंच झापतो. या व्यावसायिक बंधूंच्या अंगी हे गुण असतील तर पैसा आडवा येऊ नये, जरूर घ्या. नसतील तर देणगी आभाराने स्वीकारा, बांधकाम समितीत त्यांचा अनुभव घ्या आणि वडीलपणाचं वचन देऊ नका. ते दुखावतील, कदाचित देणगीही जाईल. एक पावसाळा बादल्या ठेवून काढा. पैशावर दिलेली खुर्ची परत घेताना मंडळी फुटते, हे मी जवळून पाहिलंय.

संदेशाच्या मिनिटांवर भांडू नका. काय कापलं जातंय ते पाहा. नहेम्या 8मध्ये पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि अर्थ समजावून सांगितला, लोक उभे राहून ऐकत होते. 15 मिनिटांत एक उतारा नीट उलगडत असेल तर चालेल. वाचनच गाळून किस्से उरणार असतील तर 40 मिनिटंही वायाच. आणि टाळ-मृदंग, भजन, नवी चाल यांना घाबरू नका. तुमच्याच साताऱ्यात नारायण वामन टिळकांनी 1917 साली देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. ज्या माणसाला रेल्वेच्या प्रवासात हाती आलेल्या नव्या कराराने ओढून घेतलं, त्याने भजनं रचली ती आपल्या मातीच्या चालीतच.

वादाबद्दल: मत्तय 18ची पायरी झाली आहे का? आधी दोघं समोरासमोर, मग एकदोन साक्षीदार, मग मंडळी. भाऊ भावाला कोर्टात खेचतो याची पौलाने 1 करिंथ 6मध्ये लाज काढली आहे. जमिनीचा, भाड्याचा, मानपानाचा वाद असेल तर आधी हेच करा. पण कुणावर अत्याचार झाला असेल, मुलाबाळांना इजा असेल, पैशाची अफरातफर असेल, तर हेच वचन दाखवून पीडिताचं तोंड बंद करू नका. रोम 13 अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. तिथे पोलिसांत जाणं हेच शास्त्राला धरून आहे.

आणखी एक. जिथे शास्त्र बोलत नाही तिथे त्याच्या तोंडी शब्द घालू नका. पत्रा घालायचा की स्लॅब, याला वचन नाही. तसं सरळ सभेत म्हणा आणि मतदान घ्या.

आमच्याकडे पुरानंतर एवढंच बदललं: विषयपत्रिका आठवडाभर आधी येते, सोबत एक पूर्ण अध्याय येतो, सुटी ओवी येत नाही. सभेत आधी आम्ही तो अध्याय मोठ्याने वाचतो, मग विषय. तुमच्या पुढच्या सभेला 1 इतिहास 13 ते 15 वाचा. 14वा गाळू नका. तिथे पलिष्टी चालून येतात तेव्हा दावीद दोन वेळा देवाला विचारतो आणि दोन्ही वेळा उत्तर वेगवेगळं येतं. तिन्ही वाचायला फार वेळ लागणार नाही, आणि ज्यांनी छताचं वाक्य टाकलं त्याच सभासदांना वाचायला सांगा.