कुणी न विचारता डॉक्टरनं अनोळखी माणसाला तब्येतीचं सांगावं का?

वजन, केस, मुरूम यांबद्दल अजिबात नाही. घरोघरी आरसे असतात. पण जे त्याला स्वतःला दिसत नाही आणि थांबलं तर महागात पडेल, ते सांगावं. 2021 च्या ऑक्टोबरात सिएटलला आइस हॉकीच्या सामन्यात एका प्रेक्षक तरुणीला पाहुण्या संघाच्या कर्मचाऱ्याच्या मानेवर मागं संशयास्पद तीळ दिसला. तिनं मोबाइलवर लिहून काचेपलीकडून त्याला दाखवलं. निघाला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर.

आमच्या कोल्हापुरात तिळापेक्षा तोंडाची काळजी जास्त. मी दातांचा डॉक्टर. परवा रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला थांबलो, तर शेजारच्या पोराला जांभईसुद्धा पुरी देता येईना. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे म्हणे! मित्रांपुढं काही बोललो नाही. तो ग्लास ठेवायला आला तेव्हा हळूच विचारलं, "भावा, मी दातांचा डॉक्टर हाय. ही तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ." दीडच गेलं. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते, पुढं त्यातून कॅन्सरही होऊ शकतो, एवढंच सांगितलं आणि "सुपारी आजपासून बंद, या आठवड्यात सीपीआरला, सरकारी दवाखान्यात दाखव" म्हणालो. दोन मिनिटं, बास.

कार्ड मात्र दिलं नाही. कार्ड हातात ठेवलं की ते गिऱ्हाईक ओढणं होतं, आणि आमच्या पेशात त्याला मनाई आहे.