आई-बाबांना घेऊन नेपल्सहून अमाल्फी किनाऱ्याची एका दिवसाची गाईडवाली बस सहल करावी का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आई-बाबा मोर्शीकडचे, दोघंही पासष्टीच्या पुढचे, आईंचे गुडघे दुखतात, मराठी-हिंदीशिवाय भाषा नाही आणि इटलीतल्या नेपल्समध्ये तुमच्या हाती मोकळा दिवस एकच आहे. गाईडची बस घ्यावी की आपलं आपण लोकल बसने जावं, हा प्रश्न.

मी तुमच्या शेजारच्या तालुक्यातला, वरूडकडचा संत्रावाला. मुलगा नेपल्सच्या विद्यापीठात शिकतो. मार्चमध्ये मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलाचा, संत्रा तुटून गेला, हात थोडा मोकळा झाला, आणि एप्रिलमध्ये मी आणि आमच्या सौ. तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. ही सहल आम्ही गाईडच्या बसनेच केली, मुलगा सोबत होता.

माझं उत्तर असं की बस घ्या, पण दोनच गावं दाखवणारी घ्या. अमाल्फी आणि रावेल्लो. जाहिरातीत सोरेंटो, पोझितानो, अमाल्फी, रावेल्लो अशी चार नावं ओळीने दिसली की मन तिकडे धावतं, आमचंही धावलं होतं. पण त्या बसमध्ये गावं खिडकीतूनच जातात. आमच्या सहलीत पोझितानो, अमाल्फी आणि रावेल्लो होतं. त्यातलं पोझितानो आज आठवायला बसलो तर एका वळणावरून काढलेल्या फोटोपलीकडे काही आठवत नाही.

लोकल बस आई-बाबांसाठी नको म्हणतो, कारण तो रस्ता. १६३ क्रमांकाचा हा रस्ता एकोणिसाव्या शतकात कड्याला खोदून काढला. त्याआधी या गावांना जायला होडी, नाहीतर पायऱ्या आणि खेचराची वाट. पन्नासेक किलोमीटर लांबी, आणि सरळ तुकडा शोधून सापडत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि समोरून बस आली की दोघांपैकी एकाने मागे घ्यायचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना जो घाट लागतो, तो दोन तास संपलाच नाही असं समजा. सीझनमध्ये लोकल बस भरून येतात, मधल्या थांब्यावरून चढलात तर उभं राहावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या वळणांवर उभं राहणं होणार नाही. सहलीच्या बसमध्ये हक्काची सीट मिळते, तिचे पैसे वसूल आहेत.

सीट मात्र पुढची मागून घ्या, आदल्या दिवशी फोन करून. आमच्या सौ.ला एसटीतही मळमळतं. मागे बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच तिचा चेहरा उतरला. मुलाने गाईडला सांगून तिला दुसऱ्या ओळीत बसवलं, आलेपाक तोंडात ठेवला, आणि समोरचा रस्ता बघत बसायला सांगितलं. त्यानंतर ती सावरली. सकाळी पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. समुद्र दिसावा म्हणून उजवी बाजू धरा, जर बस सोरेंटोकडून पोझितानो, अमाल्फी अशी जाणार असेल तर. सालेर्नोकडून उलट येणार असेल तर डावी.

दुसरी गोष्ट गाईडची. आमची गाईड मनापासून काम करणारी होती, पण एक वाक्य इंग्रजीत आणि एक स्पॅनिशमध्ये. गाईडचं बोलणं ऐकायला आमच्या सौ.च्या कानाला लावलेलं यंत्र नुसतं गुणगुणत होतं. मुलाला हे आधीच ठाऊक होतं, म्हणून आदल्या रात्री जेवताना त्याने तिला अमाल्फीची सगळी गोष्ट आपल्या भाषेत सांगून ठेवली होती. तुम्हीही नक्की असंच करा, सहलीतलं सर्वात मोठं काम ते आहे. माणसाला गोष्ट माहीत असली की दगडसुद्धा बोलतो.

गोष्ट थोडक्यात अशी. आज अमाल्फीची वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या खेड्याएवढी. पण हजार वर्षांपूर्वी व्हेनिस, जेनोवा, पिसा यांच्या पंगतीतलं ते स्वतंत्र व्यापारी राज्य होतं. पाठीशी डोंगर, शेताला जागा नाही, म्हणून माणसं समुद्रावर गेली. त्यांची जहाजं कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) आणि इजिप्तपर्यंत जात. समुद्रावरच्या व्यवहाराचे त्यांचे नियम, ज्यांना अमाल्फीचे तक्ते म्हणतात, भूमध्य समुद्रात पुढे अनेक शतकं चालले. मग ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या लोकांनी गाव लुटलं. आणि १३४३ मध्ये समुद्रच चालून आला, किनाऱ्यावरची वस्ती आणि बंदराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जिथे जहाजं बांधत त्या कमानींच्या इमारतीचा अर्धा भाग त्यातच गेला, उरलेला अर्धा आजही उभा आहे. बस थांबते तिथून जवळच.

हे ऐकलेलं असल्यामुळे आमची सौ. त्या कमानींसमोर बराच वेळ उभी राहिली. १९९१ मध्ये वर्धा नदीने आमच्या वरूड-मोवाड भागात काय केलं ते तिने पाहिलंय. मोवाड पुरात वाहून गेलं होतं. ती म्हणाली, "पाण्यानं नेलेलं गाव कुठलंबी असो जी, उरलेली भिंत सारखीच दिसते." तिकडे कोणाला इतकं समजलं असेल असं मला वाटत नाही.

चौकात संत आंद्रेचं मोठं चर्च आहे, वर जायला बासष्ट पायऱ्या. आईंना तिथे चढवू नका. पायऱ्यांच्या पायथ्याशी कारंज्याजवळ बसून समोरून ते जितकं छान दिसतं तितकं पुरे. बाबांना जाऊ द्या, वरचा पितळी-काशाचा दरवाजा अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला ओतून इथे आणलेला आहे. पट्ट्यापट्ट्यांचा दर्शनी भाग मात्र जुना नाही, तो १८६१ मध्ये कोसळल्यावर नव्याने बांधला. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आपल्या साडी-पातळाला ती अडचण नाही.

आता माझी तक्रार सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. आमच्या सहलीच्या कागदावर "लिंबाच्या बागेला भेट" असं छापलेलं होतं. मी त्या एका ओळीसाठी ती सहल निवडली होती. प्रत्यक्षात बस एका दुकानासमोर थांबली, कुंडीत दोन झाडं, आणि आत लहान लहान ग्लास भरून समोर ठेवले. पिवळं, गार, सरबतासारखं. सौ. माळकरी आहे. तिने ग्लास उचललाही होता, तेवढ्यात मुलाने हात धरला. ते लिमोनचेल्लो. लिंबाच्या सालीची दारू, चांगली पंचवीस-तीस टक्क्यांची. आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा, कोणी तिथे बजावून सांगत नाही. त्या दुकानात आमचा पाऊण तास गेला आणि तोच पाऊण तास पुढे रावेल्लोतून कापला गेला. बुकिंग करताना सरळ विचारा: बागेत चालत नेणार की दुकानात? आणि प्रत्येक गावात मोकळा वेळ किती, ते लिहून घ्या.

बाग आम्ही मग स्वतःच पाहिली. अमाल्फीत दोन तास मोकळे होते. बाकीचे लोक चौकात जेवायला बसले, आम्ही मुख्य रस्त्याने वर निघालो. हा रस्ता खरं तर नदीवर आहे, कान्नेतो नावाची छोटी नदी खालून वाहते, तिच्यावर छत टाकून रस्ता केलाय. दहा-पंधरा मिनिटं चढलं की दुकानं संपतात, पाण्याचा आवाज येतो आणि दोन्ही बाजूंना डोंगरावर लिंबाच्या बागा सुरू होतात.

भाऊ, तुमच्या घरी संत्र्याचा बगीचा असेल तर हे वाचून तुमचे बाबा बस सोडून तिथेच राहतील. दगड नुसते एकावर एक रचून धुरे, म्हणजे बांध, घातलेत, चुना-सिमेंट नाही, आणि त्या पायरीपायरीच्या पट्ट्यांवर झाडं. वर चेस्टनट नावाच्या झाडाच्या बल्ल्यांचा मांडव, त्याच्यावर हिवाळ्यात गार वाऱ्यापासून वाचवायला काळ्या जाळ्या टाकतात, एप्रिलमध्ये काही ठिकाणी त्या अजून तशाच होत्या. फळ लांबट, टोकदार, आपल्या मुठीपेक्षा मोठं. एकाच झाडावर फळही आणि फुलही. तो वास आला आणि सौ. जागीच थांबली. "हे त आपल्या आंबियाच्या फुलावानी वास येऊन राह्यला," म्हणाली. आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा संत्र्याचा बहार. लिंबू आणि संत्रा एकाच कुळातले, वास ओळखीचा असणारच.

एक म्हातारे शेतकरी मांडवावर चढून बांधत होते. मुलाने त्यांना सांगितलं की माझे वडील भारतात संत्रा पिकवतात. ते खाली उतरले, मला हाताला धरून एका खोडापाशी नेलं आणि जमिनीपासून थोडं वर असलेल्या गाठीवर बोट ठेवलं. कलमाची गाठ. खाली कडू संत्र्याचा खुंट, वर लिंबू. आपण जंबेरीच्या, म्हणजे लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो, म्हणजे कलम करतो. ते संत्र्यावर लिंबू भरतात. मी त्यांना हाताने उलटं करून दाखवलं, ते लगेच समजले. डिंक्यावर, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगावर, काय करता ते विचारायचं राहिलं, वेळच नव्हता. या बागांमधून माल पूर्वी बाया डोक्या-खांद्यावर वाहून खाली किनाऱ्यापर्यंत नेत, पन्नास किलोच्या वर ओझं, सगळं पायऱ्यांनी. आजही बऱ्याच पट्ट्यांपर्यंत गाडी जात नाही. मजूर मिळत नाही आणि पोरं गावात राहत नाहीत, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मुलाने मला भाषांतर करून सांगण्याआधीच मला कळलं होतं.

त्याच रस्त्यावर कागदाचं संग्रहालय आहे, जुन्या पाणचक्कीतच. ते चुकवू नका, आईसुद्धा हळूहळू पोचतील. अमाल्फीत मध्ययुगात कागद बनत होता, अरबांकडून शिकलेला, आणि तो लाकडाचा नाही, चिंध्यांचा. सुती, लिननच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या दगडी कुंड्यांत पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी घणांनी कुटायच्या, घणांच्या तोंडाला लोखंडी खिळे. लगदा झाला की तारेच्या चौकटीवर उचलायचा, लोकरीच्या कापडावर उलटायचा, दाबायचा, वाळवायचा. त्या कागदाला बांबाजीना म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत बांबाज्या म्हणजे कापूस. नेपल्सचं विद्यापीठ १२२४ मध्ये स्थापणाऱ्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ च्या कायद्यात सरकारी दस्त कागदावर लिहायला मनाई केली होती, कागद टिकणार नाही म्हणून चामड्यावरच लिहा म्हणून. कागद मात्र टिकला.

आपल्या भागात घरात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, पीक आणि तरी कापसाचा कागद होतो हे मला साठाव्या वर्षी तिथे कळलं. दोन ताव विकत घेतले. एक गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दिला. गुरुजींनी तो वर्गात फिरवला, पोरांनी त्याच्या खडबडीत कडांवरून बोटं फिरवली आणि एका पोरीने विचारलं, आपल्या जिनिंगवर, म्हणजे कापसाची सरकी काढतात त्या कारखान्यात, हे होऊन नाही का राह्यलं?

रावेल्लोला बस घाटाने वर चढते. तिथला चौक सपाट आहे, आईंसाठी हेच गाव खरं. तेराव्या शतकातल्या व्हिला रुफोलोच्या बागेत बसायला जागा, खाली सगळा समुद्र. जर्मन संगीतकार वॅग्नर १८८० मध्ये इथे आला आणि त्याला आपल्या संगीतनाटकातली जादूची बाग इथेच सापडली. चर्चमध्ये १२७२ चं संगमरवरी व्यासपीठ आहे, सहा सिंहांच्या पाठीवर उभं. आम्हाला घाई झाली ती इथेच, आणि हीच जागा अशी होती की तासभर काही न करता बसावं.

खाण्याचं: टोमॅटोचा पास्ता आणि मार्गेरिता पिझ्झा सगळीकडे मिळतो. "मासे नको, मांस नको" हे दोन वेगळे शब्द म्हणून सांगा, कारण तिकडे मासळी म्हणजे मांस नव्हे अशी समजूत आहे, आणि चेतारा गावचा माशांचा अर्क चटणीसारखा वापरतात. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. टेबलावर बसल्याचे माणशी वेगळे पैसे बिलात लागतात, ती फसवणूक नाही, रीत आहे. प्रत्येक थांब्यावर आईंना स्वच्छतागृहात नेऊनच बसमध्ये चढवा, सुटे युरो खिशात ठेवा.

बस कुठून निघणार तेही आधी जाऊन पाहून या. आम्हाला हॉटेलच्या दारातून म्हणून सांगितलं आणि सकाळी सात वाजता दीड किलोमीटर चालवलं. तुमच्या आईंना ते जमणार नाही, त्या सकाळपुरती टॅक्सी ठरवून ठेवा. आणि बाबांना बाग दाखवायची असेल तर अमाल्फीत उतरल्या उतरल्या आधी वर चढा, चौक नंतर. परतीच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी खाली या, उतार असल्यामुळे लवकर पोचाल. आईंना तेवढा वेळ कारंज्याजवळ बसवायचं झालं तर त्यांच्या सोबत कोणीतरी असू द्या.