हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांचा तो हेलिकॉप्टरचा गेम कोणता?

आपण विचारले आहे की, लहानपणी भाड्याच्या प्लेस्टेशनवर खेळलेला एक गेम आठवतो, त्यात हेलिकॉप्टर होते, खाली हिरवे आणि मातकट रंगाचे प्लास्टिकचे सैनिक लढत होते आणि हेलिकॉप्टरला लोंबणाऱ्या हुकाने वस्तू उचलता येत होत्या. तर त्याचे नाव काय आणि तो आज खेळता येईल का. आपण सांगितलेल्या तिन्ही खुणा एकाच गेमला नेमक्या लागू पडतात. त्याचे नाव ‘आर्मी मेन: एअर अटॅक’. थ्रीडीओ या अमेरिकन कंपनीने तो 1999 मध्ये पहिल्या प्लेस्टेशनसाठी काढला. मी तो इतक्या वेळा खेळलो आहे की, हुकाचा उल्लेख वाचताच दुसऱ्या कुठल्या गेमचा विचारही मनात आला नाही.

तरीही खात्री करून घ्यावी, कारण याच मालिकेत डझनाहून अधिक गेम निघाले आणि सगळ्यांत हिरवी फौज मातकट फौजेशीच लढते. आपला सैनिक जमिनीवर पायी धावत असेल आणि त्याचे नाव सार्ज असेल, तर तो त्याच वर्षीचा ‘सार्जेस हीरोज’. हेलिकॉप्टर मागून, थोडे वरून दिसत असेल आणि नायकाचे नाव कॅप्टन ब्लेड असेल, तर तो ‘एअर अटॅक’च. 2000 मध्ये त्याचा दुसरा भाग आला. त्याच वर्षी निंटेंडो 64 या गेमयंत्रासाठी ‘एअर कॉम्बॅट’ आणि संगणकासाठी ‘एअर टॅक्टिक्स’ अशा वेगळ्या नावांनीही पहिला भाग निघाला, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो. घरातल्या खोल्यांमधून खेळण्यातली विमाने उडवल्याचे आठवत असेल, तर तो सेगाच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्रावरचा ‘टॉय कमांडर’ असू शकतो. पण ड्रीमकास्ट आपल्याकडे फारच थोड्या जणांनी पाहिला होता.

हा गेम लक्षात राहिला तो त्या हुकामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसती गोळीबाराची मौज तर त्या काळातल्या पन्नास गेममध्ये होती. इथे मात्र हेलिकॉप्टर एखाद्या वस्तूवर आणून स्थिर धरायचे, दोरी खाली सोडायची, वस्तू अडकली की ती तशीच लोंबकळत दुसरीकडे न्यायची आणि हव्या त्या जागी सोडायची. शत्रू समोरून गोळ्या झाडत असताना एका जागी थांबून राहणे हे गोळ्या चुकवण्यापेक्षा कितीतरी अवघड होते, आणि ते जमले की मिळणारे समाधानही तितकेच मोठे होते. ह्युई, चिनूक, सुपर स्टॅलियन आणि अपाचे अशी खऱ्या लष्करी हेलिकॉप्टरांची नावे मी पहिल्यांदा याच गेममध्ये वाचली. पुढे 2019 मध्ये भारतीय हवाई दलात मार्च महिन्यात चिनूक आणि सप्टेंबरमध्ये अपाचे दाखल झाले, तेव्हा वर्तमानपत्रातले दोन पंख्यांचे चिनूक पाहून मला सर्वांत आधी त्याची ती प्लास्टिकची आवृत्तीच आठवली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका गृहस्थांनी घराच्या पुढच्या खोलीत दोन टीव्ही आणि दोन प्लेस्टेशन मांडली होती आणि तासाला दहा रुपये घेत. त्यांतल्या एका प्लेस्टेशनची लेन्स इतकी झिजली होती की, ते उलटे करून ठेवल्याशिवाय डिस्क वाचतच नसे. झाकण खाली, पोट वर अशा अवस्थेत ते यंत्र टीव्हीखाली असायचे आणि मध्येच चित्र अडकले की सगळे श्वास रोखून त्याच्याकडे पाहायचे. हा गेम दोघांना एकत्र खेळता येत असल्यामुळे मी आणि माझा आतेभाऊ पाच-पाच रुपये काढायचो. हूक वापरायचे काम त्याचे, आणि तो दोरी सोडून थांबलेला असताना आजूबाजूच्या तोफा उडवायचे काम माझे. खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या मेमरी कार्डाचे वेगळे पैसे पडत, म्हणून दर वेळी आम्ही पहिल्या मोहिमेपासून सुरुवात करत असू, आणि तरीही कंटाळा आल्याचे मला आठवत नाही.

हुकाखेरीज लक्षात राहिलेली दुसरी गोष्ट म्हणजे या गेममधले लहान-मोठेपणाचे गणित. सैनिक बोटाएवढे, त्यामुळे मुंग्या म्हणजे अक्राळविक्राळ राक्षस. ज्यांनी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. किल्ल्यावर हळीव पेरले की चार दिवसांत तिथे जंगल उभे राहते, आणि बुरुजावरच्या मातीच्या मावळ्याशेजारून एखादा मुंगळा चालत गेला की तो मावळ्याच्या गुडघ्याएवढा दिसतो. मी कित्येकदा जमिनीला गाल टेकवून, एक डोळा मिटून त्या उंचीवरून किल्ला पाहत बसायचो. अमेरिकेतल्या मुलांनी हेच हिरव्या सैनिकांच्या बाबतीत केले. तिकडे 1938 मध्ये बर्गन टॉय अँड नॉव्हेल्टी या कंपनीने पहिल्यांदा प्लास्टिकचे सैनिक बाजारात आणले, आणि महायुद्धानंतर ते पिशव्या भरभरून, अगदी स्वस्तात विकले जाऊ लागले. एकेका मुलाकडे अख्खी पलटण असे. ती पलटण जिवंत झाली तर काय होईल, एवढ्या एका कल्पनेवर ही सगळी मालिका उभी आहे. गोळी लागली की सैनिकाचे रक्त सांडत नाही, त्याचे प्लास्टिकचे तुकडे होतात.

हेलिकॉप्टरच्या हुकाची कल्पना मात्र थ्रीडीओची स्वतःची नव्हती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 1992 मध्ये ‘डेझर्ट स्ट्राइक’ काढला होता, त्यात अपाचेतून दोरी सोडून इंधन, दारूगोळा आणि अडकलेली माणसे उचलता येत. गंमत अशी की, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची स्थापना 1982 मध्ये ज्या ट्रिप हॉकिन्स यांनी केली, त्यांनीच 1991 मध्ये थ्रीडीओ उभी केली. आधी तिने स्वतःच्या आराखड्याचे गेमयंत्र बाजारात आणले. 1993 मध्ये त्याची किंमत 699 डॉलर होती आणि ते चालले नाही. मग कंपनी गेम बनवण्याकडे वळली. 1998 मध्ये पहिला ‘आर्मी मेन’ आला, आणि त्यानंतर कंपनीने वर्षाला तीन-तीन, चार-चार भाग काढायचा सपाटा लावला. त्यांतले बरेचसे घाईत उरकलेले होते, हे मालिकेवर प्रेम असूनही मी मान्य करतो. 2003 मध्ये थ्रीडीओ दिवाळखोरीत निघाली. ‘एअर अटॅक’चे दोन्ही भाग मात्र मला त्या गर्दीत वेगळे वाटतात, कारण त्यांत एकच गोष्ट हाती घेतली आहे आणि ती नीट केली आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मूळ डिस्क मिळाली तर ती प्लेस्टेशन 2 आणि प्लेस्टेशन 3 या दोन्हींवर चालते. अट इतकीच की डिस्क आणि यंत्र एकाच प्रदेशासाठी बनवलेले असावे. आपल्याकडे तेव्हा दुकानांतून मिळणाऱ्या बहुतेक डिस्क नकली असत आणि त्या फक्त चिप बसवलेल्या यंत्रावर चालत, म्हणून घरातली जुनी डिस्क सापडली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. संगणकावर खेळायचे असल्यास डकस्टेशन हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर प्लेस्टेशनची नक्कल करणारा प्रोग्राम, मला सर्वांत सोयीचा वाटला. त्यासाठी स्वतःच्या प्लेस्टेशनची बायोस फाइल, म्हणजे यंत्र सुरू करणारा त्यातला मूळ प्रोग्राम, लागते. शक्यतो अमेरिकी आवृत्तीच घ्यावी. युरोपातले जुने गेम सेकंदाला 50 चित्रांच्या टीव्हीसाठी बसवलेले असत आणि त्यामुळे अनेकदा संथ चालत, तर अमेरिकेतले 60 साठी. चित्र धारदार करण्याची सोय डकस्टेशनमध्ये आहे, पण मी ती बंद ठेवतो, कारण जुन्या टीव्हीवर जो मऊपणा होता तोच त्या प्लास्टिकला शोभतो. आणि शक्य असेल तर दुसरा कंट्रोलर जोडून कोणाला तरी शेजारी बसवा, आणि हुकाचे काम त्याच्याकडे द्या.