आजी मला ओळखत नाही, मग मी जाऊन काय करू?

मावशी, मी 26 वर्षांची, पुण्यात नोकरी करते, घर कराडला. आईबाबा दोघंही नोकरीवाले त्यामुळे मला आजीनेच वाढवलं, वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती आता 82 ची आहे, अल्झायमर्सचं निदान होऊन तीन वर्षं झाली. मला ओळखत नाही, शांता म्हणते. शांता म्हणजे तिची धाकटी बहीण, ती जाऊन जमाना झाला. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दारात उभी राहते, घरी जायचंय म्हणते, आणि तिचं माहेरचं गाव तर कोयनेच्या धरणात गेलं. आजोबा कुठायत विचारते. मी एकदा खरं सांगितलं तर असा हंबरडा फोडला, आणि थोड्या वेळाने परत 'हे कुठं गेलेत गं?' आईवर पाटल्या चोरल्याचा आळ घेते. आईच सगळं बघते, काका मुंबईला, रविवारी व्हिडिओ कॉल करतात. मी आधी दर आठवड्याला जायचे, आता दोन-दोन महिने जात नाही. मी आले होते हेच तिला आठवत नसेल तर जाऊन उपयोग काय? आणि इकडे रात्री मी, ती गेल्यासारखी, रडत बसते. मी स्वार्थी आहे का?

---

पोरी, स्वार्थी माणूस रात्री रडत बसत नाही, एवढं आधी घे आणि तो विषय सोड. तुझा खरा प्रश्न 'उपयोग काय' हा आहे आणि त्याला अगदी सरळ उत्तर आहे.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 2014 मध्ये एक अभ्यास झाला. अल्झायमर्स झालेल्या लोकांना आधी दुःखी आणि मग आनंदी प्रसंग असलेल्या फिल्मच्या क्लिप दाखवल्या. थोड्या वेळाने विचारलं तर काय बघितलं हे बऱ्याच जणांना धड सांगता येईना, काहींना तर काहीच आठवेना, पण मनात उठलेलं दुःख किंवा आनंद मात्र टिकून होता. आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख उलट जास्त वेळ टिकलं, कदाचित आपल्याला वाईट का वाटतंय हेच त्यांना कळत नसावं. मला हे वाचल्यावर या आजाराकडे बघायची नजरच बदलल्यासारखं झालं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवीन आठवणी साठवायचं काम त्याचं, आणि हा आजार बहुतेकांमध्ये तिथंच लवकर घुसतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते जातं आणि साठ वर्षांपूर्वीची शांता राहते. भावनांचं काम मेंदूचे दुसरे भागही करतात, त्यातले काही जरा जास्त तग धरतात.

म्हणजे तू शनिवारी गेलीस, तिच्या डोक्याला तेल लावलंस, शेजारी बसून शेंगा सोलल्यास, तर रविवारी तिला तू आलेली आठवणार नाही हे खरं. पण ती दुपार तिची बरी जाते, त्यानंतरचाही थोडा वेळ बरा जातो, कदाचित जेवते नीट, आईवर खेकसत नाही. हा उपयोग छोटा आहे का? तिच्याकडे आता 'आत्ता' एवढंच उरलंय, मग तो बरा जावा यासाठी तुझं जाणं मला तरी फार मोठं वाटतं.

आता आजोबांचं. तू खरं सांगितलंस त्यात तुझी चूक नाही, आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय. पण तिच्यासाठी ते दरवेळी पहिल्यांदाच घडतं बघ, दरवेळी नव्याने वैधव्य. आणि वर सांगितलं तसं, बातमी विसरली तरी जड झालेलं मन तसंच राहतं आणि ती मग दिवसभर कुणावर तरी चिडते. ज्या माणसाला हे पचवून पुढं जाता येणारच नाही त्याला परत परत सांगणं मला क्रूर वाटतं, खरं असलं तरी. तेव्हा 'हे कुठं गेलेत' म्हणाली की तू विचार, आज्जी, आजोबांची आठवण आली होय, त्यांना काय आवडायचं गं जेवायला? ती बोलत सुटेल. यात खोटं काहीच नाही.

दारातल्या पिशवीचंही तसंच. दिवेलागणीला अस्वस्थ होणं या आजारात खूप जणांना होतं, थकवा असतो, उजेड कमी झाला की सावल्या ओळखीच्या वाटत नाहीत, घरात माणसांची ये-जा वाढते. 'आज्जी हेच तुझं घर' असं म्हणून वाद घातलास तर ती अजून घाबरेल, कारण तिच्या मते एक अनोळखी पोरगी तिला अडवतेय. घरचे दिवे अंधार पडायच्या आधीच लाव, टीव्हीवरच्या बातम्या बंद कर, चहा दे, आणि गावाबद्दल विचार. फक्त 'तुला आठवतं का' असा प्रश्न नको, ती परीक्षा होते आणि त्यात नापास झालेलं तिला कळतं, चेहरा पडतो. 'नदीवर कपडे धुवायला कोण कोण जायचं गं' असं विचार. पाण्याखाली गेलेलं गाव तू तिला परत आणून देऊ शकत नाहीस, पण ते गाव बघितलेली माणसं आता किती राहिलीत सांग, तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. ते तुला ठेवायला होईल.

हाताला काम दे तिच्या. वाती वळणं, तांदूळ निवडणं, रुमालांच्या घड्या. आयुष्यभर केलेली कामं हात बऱ्याचदा उशिरापर्यंत करतात. नीट झालं नाही तरी गुपचूप राहायचं, तिच्यासमोर परत करायला बसायचं नाही. गाणं, ओव्या, हरिपाठ यातलं जे काही तिच्या अंगात मुरलेलं असेल ते तू सुरू कर आणि मध्येच थांबून बघ, बोलताना शब्द न सापडणारी माणसं पण पुढची ओळ म्हणतात.

आणि शांता म्हणाली तर शांता हो गं. दुखतं, मला माहितीये, जिने वाढवलं तिच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला मिळू नये याच्यासारखं दुसरं दुखणं नाही. पण तुझ्याकडे बघून तिला धाकटी बहीणच आठवतेय, कुणी परकी बाई आठवत नाहीये. ही आपली आहे एवढं तिला अजून कळतंय. हाक कुठल्याही नावाने येऊ दे, तू ओ दे.

पाटल्यांचा आळ हा आजाराचा भाग आहे, आईच्या स्वभावाशी किंवा जुन्या सासू-सुनेच्या कुरबुरींशी त्याचा संबंध लावू नका. स्वतःच कुठंतरी लपवून ठेवायचं, विसरायचं, आणि मग जे माणूस सतत जवळ असतं त्याच्यावरच संशय जातो. जी सगळ्यात जास्त करते तिलाच चोर म्हणायचं, काय होत असेल त्या बाईच्या जिवाचं! आईने 'मी नाही घेतल्या' म्हणून भांडू नये, 'चला आपण दोघी शोधू' म्हणावं. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये टाका आणि तशाच दिसणाऱ्या साध्या आणून ठेवा.

थोडं कामाचं पटकन सांगते. एक-दोन दिवसात अचानक जास्त भ्रमिष्टासारखं करायला लागली तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं यानेही तसं होतं आणि त्यावर उपाय असतो. मेडिकलमधून सर्दीची किंवा झोपेची गोळी मनाने आणून देऊ नका, त्यातल्या काहींनी गोंधळ वाढतो. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ फरक पडतो, आजार बरा होत नाही, त्यामुळे जाहिराती बघून पैसे घालवू नका. बाथरूमची आतली कडी काढा. गळ्यात किंवा कपड्यात फोन नंबर असू द्या कारण पिशवी घेऊन दारात उभं राहणारं माणूस एक दिवस दाराबाहेर जातंच. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मन मोकळं करायला 14416 या सरकारी हेल्पलाइन आहेत, दुसरी आईसाठी पण लिहून ठेव.

ती गेल्यासारखी रडतेस त्याबद्दल. तुझी आजी थोडी थोडी जातेय आणि तू त्या प्रत्येक थोड्यासाठी रडतेयस, यात चुकीचं काय आहे? अशी पत्रं मला खूप येतात, नवरा समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडणाऱ्या बायकांची सुद्धा. रडायचं आणि शनिवारी एसटी पकडायची, दोन्ही जमतं. दर आठवड्याला नसेल झेपत तर महिन्यातून दोनदा जा पण ठरवून जा, आणि गेलीस की त्यातला एक अख्खा दिवस आईला सुट्टी दे. तिने झोपावं, मैत्रिणीकडे जावं, देवळात बसावं, काहीही करावं, तुला विचारू पण नये.

काकांचं मात्र मला राहवत नाही. रविवारी स्क्रीनवर 'आई, ओळखलंस का मला' विचारणं याला सांभाळणं म्हणत नाहीत. त्यांना मुंबई सोडता येत नसेल तर दिवसाच्या बाईचा पगार देता येईल, दर तीन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहता येईल, न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेऊन स्वतः घेऊन जाता येईल. हे आई कधीच बोलणार नाही, सुना बोलत नाहीत, आणि बाबा भावाशी बोलायला कचरत असतील. तू नात आहेस, तुझं काका ऐकतील किंवा निदान त्यांना ऐकावं तरी लागेल. आकडे घेऊन बस, महिन्याला औषधं किती, बाई किती, डायपर किती, आणि हा फोन याच आठवड्यात लाव.