आरोग्य केंद्रांमुळे एकाच भागातल्या लोकांच्या तब्येतीतली तफावत खरंच कमी होते का, आणि कशी?

तुम्ही विचारलंय की सामुदायिक आरोग्य केंद्रं स्थानिक पातळीवरची आरोग्यातली विषमता कशी कमी करू शकतात. मी एमबीबीएसनंतर बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) एक वर्ष आणि मग तिथेच रमलो म्हणून अजून दोन वर्षं सातपुड्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, नाव सांगत नाही, पण जे लिहितोय ते तिथलं बघितलेलं आहे. पॉलिसीवाल्यांचं उत्तर वेगळं असेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे सरकारी भाषेतलं सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय, ३० खाटांचं. सपाटीला १ लाख २० हजार लोकांमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात ८० हजारांमागे एक. त्याच्या खाली पीएचसी, ३० हजारांना किंवा डोंगरात २० हजारांना, आणि सगळ्यात खाली उपकेंद्र, ५ हजार किंवा ३ हजारांना. म्हणजे कागदावर डोंगरातल्या माणसाला झुकतं माप दिलंय, नाही असं नाही, पण हे सगळं माप डोक्यांचं आहे, अंतराचं नाही. सपाटीवरचे ३ हजार लोक एका गावात मावतात, सातपुड्यात तेच ३ हजार पंधरा-वीस पाड्यांत विखुरलेले, प्रत्येक पाडा आपापल्या टेकडीवर आणि मधे नदी-नाले.

आता मुद्द्याचं. मी रुजू झालो तेव्हा आमच्या केंद्राचे आकडे चांगले होते. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण तालुक्यात वरच्या नंबरात, आढावा मीटिंगमधे कौतुक झालं, मी पण खूश. मग आमच्या एक जुन्या सिस्टर होत्या, पंचवीस वर्षं त्याच भागात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, त्यांनी एक दिवस जुन्या कॅलेंडरच्या मागे पेनाने काढलेला नकाशा दाखवला. गावं, पाडे, नाले, आणि घरी बाळंतपण झालं त्या घरावर लाल टिकली. खरीखुरी कपाळाला लावायची टिकली, पाकीट आणून चिकटवलेली. आणि सगळ्या टिकल्या नदीच्या पलीकडे. अलीकडच्या मोठ्या गावांत एकही नाही! सिस्टर म्हणाल्या, "सर, आलेल्यांचं रजिस्टर आहे आपल्याकडे, न आलेल्यांचं कुठंय?"

माझं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे, बाकी पाल्हाळ. आरोग्य केंद्र नुसतं उघडलं तर त्याचा फायदा आधी जवळच्या, रस्त्यावरच्या, मराठी बोलणाऱ्या, थोड्या बऱ्या घरातल्या लोकांना होतो. सरासरी सुधारते आणि तफावत वाढते पण! कारण जो आधीच बरा होता तो अजून बरा झाला आणि पलीकडचा तिथेच राहिला. तफावत कमी करायची तर केंद्राने कोण येत नाही हे नावानिशी, पाड्यानिशी शोधायला पाहिजे आणि का येत नाही ते विचारायला पाहिजे.

आम्ही विचारत गेलो तर कारणं इतकी साधी निघाली की लाज वाटली. पाड्यावरून जीप निघते बाजाराच्या दिवशी, ती पोचते बाराच्या सुमारास आणि आमची सकाळची ओपीडी बंद साडेबाराला. बाई बाजार करून, पोराला घेऊन येईपर्यंत आम्ही जेवायला गेलेलो आणि संध्याकाळच्या ओपीडीपर्यंत थांबली तर परतीची जीप गेलेली. म्हणजे त्या बाईसाठी आमचा दवाखाना वर्षभर बंदच होता. बाजाराच्या दिवशी आम्ही ओपीडी सलग चार वाजेपर्यंत ठेवली. फार्मासिस्ट पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, पण रांग व्हरांड्याच्या बाहेर जायला लागली आणि त्यातले निम्मे चेहरे मी आधी पाहिलेलेच नव्हते.

दुसरं म्हणजे फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, चांगलंच झालं, पण पाड्यावरच्या माणसाला केसपेपरचे पैसे कधीच जड नव्हते हो, जड होतं जीपचं भाडं, बुडालेली मजुरी, आणि सोबत जो येणार त्याची पण बुडालेली मजुरी. त्या माणसाला आपण बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या देतो आणि म्हणतो परत या. तो परत येत नाही, मग आपण लिहितो "पेशंट औषधं नीट घेत नाही". महिन्याच्या गोळ्या एकदम द्या किंवा आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या हाती पाठवा, एवढ्याने जे होतं ते कुठल्या शिबिराने होत नाही.

माहेरघर ही योजना माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात शहाणी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आदिवासी भागातल्या पीएचसीच्या आवारात एक खोली, तारीख जवळ आलेल्या बाईने आधीच काही दिवस येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि घरचं एक माणूस, जेवण तिथलंच. पावसाळ्यात नाला भरला की १०८ ची अँब्युलन्स येऊन येऊन कुठपर्यंत येणार, पुढे बांबूला झोळी बांधून चार माणसं खांद्यावर आणतात हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, तो प्रवास टाळायचा हा एकच खात्रीचा मार्ग. आमच्याकडे मात्र ती खोली कित्येक महिने सामान ठेवायला वापरली जात होती. रिकामी केली, तरी बाया येईनात. का तर चूल नव्हती, आणि सासूला आमचं जेवण चालेना. एक चूल बांधून दिली, पीठ-तेल दिलं, मग यायला लागल्या. मी मेडिसिनच्या पुस्तकात चूल कुठे वाचली नव्हती.

हे काय आम्ही शोधून काढलं असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामला, म्हणजे त्यांच्या संस्थेच्या आवारात, दवाखाना बांधायच्या आधी लोकांना विचारलं होतं की दवाखान्याची भीती का वाटते, तर एक उत्तर आलं पांढऱ्या कपड्यांची, कारण आपण मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. म्हणून तिथला दवाखाना पाड्यासारखा, झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव लोकांच्या देवीचं, मा दंतेश्वरी. त्याहून मोठं काम म्हणजे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला लावलं. आधी हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती, तिसऱ्या वर्षी ते २५ च्या आसपास आलं, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून आशाताई देशभर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, त्याचं मूळ हे. बघा म्हणजे, दवाखान्याची इमारत तिथेच होती, बाळापर्यंतचं अंतर संपवलं ते गावातल्या बाईने.

आणि जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं १९७० ला तिथे गेलं. विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नव्हते, तर यांनी बोअर दलित वस्तीत पाडून घेतल्या, आता पाणी पाहिजे तर बाकीच्यांनी तिकडे यायचं. आरोग्यसेविका म्हणून निवडल्या त्या पण गावातल्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, त्यात दलित, परित्यक्ता. ज्या बाईला गाव उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं तीच बाळंतपणाला लागते म्हटल्यावर काय होतं विचार करा. मला ते जगातलं सगळ्यात हुशार प्रिस्क्रिप्शन वाटतं.

परत आमच्याकडे. स्थलांतर हा वेगळाच विषय आहे, त्यावर स्वतंत्र उत्तर लिहीन कधीतरी. दिवाळीनंतर अर्धे पाडे रिकामे, ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत. पोराचा लसीचा डोस चुकला की तो चुकलाच, कारण तिकडच्या यादीत त्याचं नाव नाही आणि इकडच्या यादीत तो "बाहेरगावी". पण होळीला सातपुड्यातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तर आम्ही लसीचं टेबल तिथेच लावलं, ढोलाच्या आवाजात, आणि जाताना सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि बीपीवाल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या. एका आजोबांनी गोळ्या घेतल्या आणि मला पावरीत, त्यांच्या बोलीत, काहीतरी बोलले, सगळे हसले, सिस्टरनी मला आजतागायत अर्थ सांगितलेला नाही.

आता जे होत नाही ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर स्वतःची टिमकी वाजवतोय. पीएचसी कितीही चांगली चालवली तरी सीझर लागलं तर वरती पाठवावं लागतं, आणि वरच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे तर भूलतज्ज्ञ नाही, दोघं आहेत तर रक्त नाही. मग पेशंट जिल्ह्याला, म्हणजे अजून दोन-अडीच तास. इथे सिस्टरच्या टिकल्या काही करू शकत नाहीत, इथे पदं भरावी लागतात, आणि तिथे राहायला बरं घर, पोरांना शाळा असेल तर डॉक्टर टिकतो, नुसत्या बदलीच्या धमकीने टिकत नाही. आशाताईंना पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला, तो पण महिनेमहिने अडकतो, आणि तफावत कमी करायचा सगळा भार त्यांच्याच चपलांवर.

एक गोष्ट मात्र लोकांच्या हातात आहे. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावातले लोकच केंद्राला मार्क देतात आणि जनसुनावणीत सगळ्यांसमोर विचारतात. मी स्वतः एका जनसुनावणीत बोलणी खाल्लीत. एक बाई उभी राहिली, म्हणाली मी पोराला घेऊन तीनदा आले, तीनदा बाहेरून औषध लिहून दिलं. मी म्हणालो स्टॉक नव्हता. ती म्हणाली मग बोर्डवर हिरव्या रंगात "उपलब्ध" काय लिहिलंय? काय बोलणार. दुसऱ्या दिवशी बोर्ड खरा लिहायला लागलो आणि रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून ते औषध आणलं, इतके दिवस त्या पैशातून पडदे आणि कुंड्या यायच्या.

तर तुमच्या भागात काही करायचं असेल तर केंद्रात जाऊन एवढंच विचारा की मागच्या वर्षी घरी बाळंतपणं कुठल्या कुठल्या वस्तीत झाली. टक्केवारी सांगितली तर म्हणा वस्त्यांची नावं सांगा.

मी सोडलं तेव्हा नदीपलीकडच्या दोन पाड्यांवर लाल टिकल्या अजून होत्याच. परवा सिस्टरशी फोनवर बोललो, आता रिटायर झाल्यात, म्हणाल्या नाल्यावर फरशी पूल झालाय, जीप जाते आता. आशा मात्र तिथे अजून नेमलेली नाही.