आठ दिवसांत ग्रीसची कोणती बेटं करावीत?

दोनच. पाच बेटं बसवायला गेलात तर निम्मी सुट्टी धक्क्यावर बॅगा राखण्यात जाईल.

मी म्हणेन नाक्सोस चार रात्री, सांतोरिनी दोन, उरलेलं अथेन्स. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून साध्या बोटीने नाक्सोस साधारण पाच तासांवर. बोट आत शिरतानाच अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा दिसतो. अडीच हजार वर्षं नुसती चौकट उभी आहे, देऊळ कधी पूर्ण झालंच नाही! संध्याकाळी तिथे जाऊन बसा. किनारे वाळूचे, पाणी बरंच उथळ; मुलं बरोबर असतील तर हेच बेट.

सांतोरिनी देखणं आहेच, पण गावं ज्वालामुखीच्या कड्यावर. पायऱ्याच पायऱ्या; आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर विचार करा. तिथल्या इया गावाचा सूर्यास्त उन्हाळ्यात लोकांच्या डोक्यांवरून बघावा लागतो. शाकाहारी असाल तर तिथला 'फावा' मागवा : पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच म्हणा ना, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वारा सुटला की कधीकधी बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच मुक्काम ठेवा. जमलं तर सप्टेंबरमध्ये जा, समुद्र तेव्हाही कोमट असतो.