चढला तरी उतारूच?

प्रश्न असा आलाय: 'गाडीत चढायला एवढी झोंबाझोंबी करणाऱ्याला मराठीत उतारू का म्हणायचं? चढारू का नाही?'

कारण हा शब्द मुळात रुळांवरचा नाही, पाण्यातला आहे. संस्कृतात उत् + तॄ म्हणजे पाण्यातून पार होणं. परीक्षेतला 'उत्तीर्ण' याच घराण्यातला. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला आपण 'उतार' म्हणतो, आणि होडी उलटली तर बुडतात तेही 'उतारू'च. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, मग हा शब्दही होडीतून डब्यात आला. 'प्रवासी'ची गोष्ट वेगळी. त्यात वस्, म्हणजे राहणं आहे. घर सोडून दूर राहणारा तो प्रवासी. कसारा लोकलमध्ये बसून मेथी निवडणाऱ्या, हळदीकुंकू उरकणाऱ्या बायकांना हाच शब्द शोभतो. त्या राहतातच तिथे.

चढणाऱ्यासाठी 'चढेल' आहे की! अर्थ गर्विष्ठ, पण खिडकी मिळालेल्या माणसाचा चेहरा पाहिलात तर अर्थ बदलायची गरज वाटणार नाही. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्ध्या मांडीने टेकलेला कधीच चढेल नसतो.

मुंबईत तर चढल्या क्षणापासून सगळी चर्चा उतरण्याचीच. 'कुठे?' एवढंच विचारून बसलेल्याची जागा आपल्या नावावर करणारा एक. मुलुंड सुटायच्या आत पुढच्या प्रत्येक पाठीला 'ठाणा? ठाणा?' विचारणारा दुसरा. आणि दारात ठाण मांडून 'अहो, सगळे तिथेच उतरणारेत' म्हणणारा तिसरा, जो स्वतः ठाण्यापुढच्या डोंबिवलीचा असतो. व्याकरणाला खरा तापदायक चौथा: दादरला उलट्या दिशेच्या गाडीत शिरतो, सीएसएमटीला सगळे उतरले की रिकामी सीट पकडून त्याच गाडीने परत येतो. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. शेवटचं स्टेशन आलं तरी न उतरणारा हा उतारू कसला? माझ्या मते हाच अस्सल प्रवासी.

हिंदीत मात्र 'मारपीट पर उतारू' म्हणजे मारामारीला सज्ज झालेला. विरार फास्टमध्ये दार अडवून उभ्या विरारवाल्यांतून वाट काढत अलीकडच्या बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला मराठी आणि हिंदी, दोन्ही अर्थ एकाच दारात भेटतात.